जास्तीची गोळी

मी एक जुनी, सात खणांची गोळ्यांची डबी आहे. खण सात, झाकणं सात, आणि त्यातल्या एकावरचा गुरुवार बोटं लागून लागून पुसून गेलेला. मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण फ्रिजवर बसलेली असेल. तिच्याकडे अधूनमधून बघत जा.

साच्यातून निघाले तेव्हा मी अगदी आरपार दिसायचे. औषधाच्या दुकानातून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घरी आणलं. त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं, म्हणून रोज जेवणानंतर एक छोटी पांढरी गोळी. बाई दर रविवारी मला भरायच्या. "डबी आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे," असं त्या शेजारणीला सांगायच्या, तेव्हा माझ्या प्लॅस्टिकच्या अंगावरही मूठभर मांस चढायचं.

नऊ वर्षांनी यजमानांच्या जठरात कॅन्सर सापडला. ऑपरेशन झालं. माझ्या खणांत आणखी तीन रंगांच्या गोळ्या आल्या. बाई मशीनवर बसायच्या, पण पायडलवरचा पाय तासन्‌तास हलायचा नाही.

त्यातच धाकट्या दिरांनी पेपरातलं एक कात्रण आणून दिलं. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांमध्ये जठराचा कॅन्सर कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांच्यातलेही काही जण जास्त जगले, असं एका पाहणीत दिसलं होतं. बाईंनी ते चारदा वाचलं. त्यांची कामाची एक रीत होती: कुठल्याही शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचं, पुढे लागलं तर असावं. त्या रविवारी त्यांनी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर त्याच गोळीचं आणखी एक पाकीट आणलं आणि माझ्या प्रत्येक खणात दुसरी पांढरी गोळी टाकली. कुणाला काही बोलल्या नाहीत. यजमान खण तळहातावर उपडा करत आणि गिळून टाकत. बायकोने भरलेली डबी, त्यात मोजायचं काय?

मला मात्र धडकी भरली. महिन्याभरात यजमानांच्या मांड्या दुखायला लागल्या. ते कठडा धरून जिना चढू लागले. एकदा बाई बाहेर गेल्या असताना ते भावाला म्हणाले, "परत आलंय बहुतेक. हाडांत उतरलंय. हिला सांगू नकोस. आता तपासणीलाही मी जाणार नाही."

दोघंही एकमेकांपासून लपवत होते आणि दोघांच्या मधे टेबलावर मी. ओरडावंसं वाटे, पण झाकणाची टकटक कोण ऐकणार?

नशीब, भावाच्या पोटात काही राहत नसे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वहिनीला सांगून टाकलं. बाईंनी यजमानांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. मी पिशवीत होते. डॉक्टरीणबाईंनी माझा एक खण कागदावर रिकामा केला.

"या पांढऱ्या दोन कशा?"

बाईंचा चेहरा उतरला. "दुसरी मी टाकली. जास्त जगतात असं लिहिलं होतं. म्हटलं, थोडं जास्तीचं असू दे."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "ती पाहणी मीही वाचलीय. पण ते गोळीमुळेच जगले की आणखी कशामुळे, हे अजून ठरलेलं नाही. दुप्पट घ्या असं तर कुणीच म्हटलेलं नाही. पाय बहुतेक यानेच दुखतायत. ही गोळी सध्या बंद. रक्त तपासू, आणि स्कॅनही करू."

यजमान बायकोकडे वळले. "मी महिनाभर मरणाची तयारी करतोय, आणि तू मला जगवत होतीस होय?" बाई रडल्या. मलाही भरून आलं.

रक्तात स्नायूंचाच त्रास निघाला. आता यजमान कठडा न धरता जिना चढतात. स्कॅनची तारीख मात्र उशिरा मिळाली; त्याचा निकाल उद्या आहे.

मित्रांनो, मला तोंडं सात, पण एकातूनही शब्द फुटत नाही. तुम्हाला आहे ते एक तरी उघडा. काही दुखलं तर घरच्यांना सांगा. माणूस कितीही लाडका असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याची गोळी वाढवू नका, आणि बंदही करू नका.

आज रविवार. दोघं मिळून मला भरताहेत.

"उद्याची भीती वाटते गं," यजमान म्हणाले.

"मलाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सोमवारचा खण भरला.