पन्नासावी

या, असे जवळ येऊन बसा. मागे कुणी उभं राहू नका. गोष्ट लहान आहे आणि माझा आवाजही फार लांब जात नाही. देवाने जिच्या हातात सरळ शिवण दिली, अशा एका बाईची कथा सांगतो. मन लावून ऐका.

बाळंतपणाची रजा संपली त्या सकाळी ती चार महिन्यांच्या लेकीला छातीशी धरून शर्टांच्या कारखान्याचा जिना चढत होती. खांद्याच्या पिशवीत दुपटी, खुळखुळा आणि पाळणाघरासाठी रजेत शिवलेले दोन पडदे. पोर रात्रीपासून किरकिरत होती.

अकरा वर्षं ती कॉलरी जोडायची, म्हणून सगळ्या तिला कॉलरवालीच म्हणत. थोरली तान्ही असताना तिला शेजारणीकडे टाकून कामावर यायची, दुपार झाली की पान्हा फुटून ब्लाउज भिजायचा. त्यानंतर सहा वर्षं तिने दुसऱ्या मुलाचं नाव काढलं नाही. मग गेल्या वर्षी फळ्यावर सरकारी पत्रक लागलं. घरोघरी पाळणे हलेनासे झाले, तेव्हा कुठे सरकारला आईची आठवण झाली होती. जिथे पन्नास बायका कामाला, तिथे पाळणाघर सक्तीचं! देखरेखीवरच्या ताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिला पहिल्यांदा मशीनवर बसवलं होतं ते याच ताईंनी. सख्ख्या बहिणीहून जवळच्या.

"आता घे गं मनावर," ताई म्हणाल्या. "आपण मोजून पन्नास आहोत."

"आणि पोर रडलं तर? सरकार येऊन कडेवर घेणार आहे का?"

"सरकार कशाला? मी घेईन की!"

सगळ्या खो खो हसल्या. त्या हसण्याच्या भरवशावर ही धाकटी जन्माला आली होती.

जिना संपला तिथेच पाळणाघराची खोली. भिंतीवर रंगवलेला पिवळा ससा होता, पण त्याच्या कानांपर्यंत पुठ्ठ्याची खोकी रचली होती. ती बघतच राहिली. तेवढ्यात ताई आल्या. बाळाकडे न बघताच म्हणाल्या, "तुला निरोप नाही मिळाला?"

"कसला?"

"पन्नास असल्या तरच पाळणाघर. एकोणपन्नास असल्या तर नाही. एक नाव कमी करा, असं वरून आलं. रजेवर तू एकटीच होतीस गं. समोर बसलेलीचं नाव कसं कापू?"

"रजेवरच्या बाईला काढता येत नाही, ताई. तुम्हीच वाचून दाखवलं होतंत."

ताईंनी एक कागद पुढे केला. 'मुलांच्या संगोपनासाठी मी स्वखुशीने काम सोडत आहे.' खाली तिचं नाव, सहीसकट. अक्षर मात्र कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवरचं. अकरा वर्षं रोज पाहिलेलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मलाही घर आहे गं."

"मी तक्रार करीन."

"कर. पण खेपा घालताना पोरींना ठेवशील कुठे?"

ती शिवणखोलीकडे वळली, ताई मागोमाग. आत तिच्या मशीनवर एक मिशाळ गडी बसला होता. पुरुष त्या मोजणीत धरत नव्हते. त्याला कॉलरचं टोक साधत नव्हतं, दोरा सारखा तुटत होता. चूक त्या बिचाऱ्याची नव्हती. त्या मशीनची खोड तिलाच ठाऊक.

"धरा जरा," म्हणत तिने पोर ताईंच्या हातात दिली. ताईंना घ्यावीच लागली.

"उठा दादा."

ती बसली. दोऱ्याचा ताण अर्धा फेरा सैल केला आणि एक कॉलर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात लावली. मशीन घरघरू लागलं, तशी रात्रभर किरकिरलेली पोर ताईंच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली. नऊ महिने पोटात तिने हीच अंगाई ऐकली होती.

"घ्या दादा. पाय हळू दाबा, तापट आहे जरा."

ती ताईंसमोर उभी राहिली. झोपेत पोरीने ताईंची कॉलर मुठीत धरली होती. तिने एकेक बोट हलकेच सोडवलं, लेकीला छातीशी घेतलं आणि जिना उतरली. वर एकही मशीन चालत नव्हतं.

मायबापहो, उद्या सकाळी देवाला हात जोडून झाले आणि शर्टाचं वरचं बटण लावायला बोटं कॉलरपाशी गेली, की क्षणभर थांबा. त्या पन्नासावीची एवढी आठवण ठेवा.