मिस्त्रीचं चुंबक

या, जवळ सरा. मागे बसलेत त्यांनीही पुढे या, संकोच नको. फार लांबून ऐकलं की अर्धी गोष्ट मधल्या मोकळ्या जागेतच सांडते. आज एका गाडीची गोष्ट सांगतो. ती उभी करायची की मोडीत घालायची, याचा हिशेब एका घरात कसा झाला त्याची. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण देवासमोर गोडच बोलावं असा काही दंडक नाही.

एक मिस्त्री होता. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा. या धंद्यात एक सोपी पळवाट असते. खड्डा पडला की त्यात पुट्टी थापायची, घासायची, वर रंग मारायचा. दोन वर्षांनी पुट्टी फुगते, पण तोवर पैसे खिशात पडलेले असतात. या माणसानं उभ्या हयातीत चमचाभर पुट्टी वापरली नाही. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की तो त्याच्या हातात मुठीएवढं लोहचुंबक द्यायचा. म्हणायचा, "लावा, कुठंही लावा. पुट्टी असेल तिथं धरणार नाही." चुंबक खट्‌कन चिकटायचं आणि मिस्त्रीची छाती दोन बोटं पुढे यायची.

त्याला एकच मुलगा. पोराचा हात काही पत्र्यावर बसेना, हातोडी सरळ पडेना. मिस्त्रीनं वर्षभर वाट पाहिली आणि मग चार कामगारांदेखत त्याचं नाव ठेवलं. "हे आमचं पुट्टी! वरून गुळगुळीत, आत काही नाही." सगळे हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. मुलगा पुढे शिकला, विम्याच्या कचेरीत लागला, संसाराला लागला, कानाजवळचे केस पिकले. बापाची हाक मात्र तीच. "ए पुट्टी, पाणी आण."

घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक इटालियन गाडी होती. दोन दारांची, बसकी, झेप घेण्याआधी मांजर दबून बसतं तशी. तीस वर्षांपूर्वी ती जळून कोळसा होऊन आली, मालकानं तोंड फिरवलं, मिस्त्रीनं ठेवून घेतली. सुट्टीच्या दिवशी शेडचं दार आतून लावायचं आणि वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून ठोकत बसायचं, हा त्याचा नेम. मुलगा आठ वर्षांचा असताना एकदा ते चुंबक घेऊन, बापासारखीच छाती काढून, गाडीपाशी गेला होता. चुंबक पत्र्याला टेकायच्या आत कानाखाली जाळ निघाला.

"हिला हात लावायचा नाही, काही विचारायचं नाही! पुरी झाली की चार लोकांबरोबर बघ."

पोरानं पुन्हा कधी विचारलं नाही. हे ध्यानात ठेवा.

मग म्हातारपणी मिस्त्रीच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कान राहिले, अक्कल राहिली. यात देवाची दया किती आणि परीक्षा किती, ते मला ठरवता येत नाही. त्याची खाट खिडकीशी लावलेली होती. ती खिडकी त्यानंच शेडच्या बाजूला पाडून घेतली होती, डोळा उघडला की गाडी दिसावी म्हणून. आता उरलीसुरली इच्छा एकच होती. गाडीचं इंजिन एकदा चालू झालेलं कानानं ऐकायचं, मग खुशाल डोळे मिटायचे.

एका सकाळी मुलगा, सून आणि जुन्या गाड्यांचा एक इंजिनवाला शेडमध्ये आले. इंजिनवाल्यानं कोपऱ्यातली खोकी उघडून एकेक भाग उलटापालटा केला.

"इंजिन सगळं नव्यानं बांधावं लागेल. सुटे भाग इटलीहून येणार. नऊ लाख. गिअरबॉक्सचे तीन. पुढची काच, वायरिंग, गाद्या मिळून सहा. अठरा धरून चला."

"अठरा!" सून म्हणाली. "अहो, तेवढ्यात घराचा वरचा मजला उठेल."

"वहिनी, गाडी उभी राहिली तर साठ-सत्तर कुठे गेले नाहीत. फक्त पत्रा खरा पाहिजे. पुट्टीनं भरलेल्या गाडीकडे शौकीन माणूस ढुंकूनही बघत नाही. मला पत्र्यातलं कळत नाही. पण मिस्त्रींच्या हातची गाडी म्हटल्यावर बघायचं काय त्यात?"

"बघायचं," मुलगा म्हणाला. "बाबाच म्हणायचे, लावून बघा."

खाटेवरचा मिस्त्री मनातून फुलला. बघ बाबा, बघ. एकदाचं बघ.

मुलानं बापाच्याच पेटीतून चुंबक काढलं. आधी बाकावरच्या लोखंडी शिकंज्याला लावलं, खट्‌कन बसलं. मग ताडपत्री ओढली आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्याला लावलं. चुंबक घसरलं आणि टण्णकन जमिनीवर पडलं. दाराला लावलं. पडलं. बॉनेटवर ठेवलं तर सरळ घरंगळत खाली आलं. छपराला, मागच्या झाकणाला, कुठंच धरेना. तो खाली वाकला, सांगाड्याच्या पाइपला लावलं, तिथं मात्र खट्‌कन बसलं.

"म्हणजे चुंबकात खोट नाही," तो हळूच म्हणाला.

खाटेवर मिस्त्रीनं मान उचलली. अरे, ते धरणारच नाही! ती पोलादी नाही, ॲल्युमिनियमची आहे! कारखान्यानं अशा मोजक्याच काढल्या होत्या, बाकीच्या सगळ्या पोलादी. म्हणून तर ठेवून घेतली, म्हणून तर तीस वर्षं ठोकली. लोखंडासारखा हा पत्रा मार सोसत नाही. एक घाव जास्त पडला की फाटतो. अरे, हा वरचा लाल रंगाचा थर खरवड जरा नखानं!

तोंडातून निघालं ते, "ब... ब्ब... ब..."

इंजिनवाला खोक्याकडे बघत पुसट आवाजात म्हणाला, "मग राहू द्या साहेब. अठरा लाख पाण्यात कशाला घालता?" आणि चपला सरकवून निघून गेला.

मिस्त्रीला एक युक्ती सुचली. उशाशी त्याचा वाडगा होता, दूध-पाव खायचा, ॲल्युमिनियमचा. त्यानं डाव्या हातानं तो उचलला आणि खिडकीच्या चौकटीवर आपटला. ठण, ठण, ठण! मुलगा चुंबक घेऊन खोलीत आला. मिस्त्रीनं वाडगा पुढे केला, चुंबकाकडे मान हलवली, पुन्हा वाडगा पुढे केला. लाव रे. याला लावून बघ.

"भूक लागली असेल," दारातून सून म्हणाली.

"भूक नाही गं, पितळ उघडं पडलं म्हणून तडफड चाललीय." मुलगा खाटेच्या कडेला बसला, बापाच्या हनुवटीवरची लाळ पुसली, आणि मायेनं बोलावं तशा हळू आवाजात बोलला. "आयुष्यभर जगाला सांगितलंत, चुंबक लावून बघा. लावलं हो बाबा. आता सांगा, पुट्टी कोण?"

मिस्त्रीनं चुंबकाकडे हात टाकला. मुलानं ते उंच धरलं, लहान पोरापासून खेळणं लांब धरावं तसं, आणि हसला. आजवर त्या घरात तो इतका मोकळा हसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्यानं गाडीचं दार उघडलं, बिजागरीवर जरासं वर उचललं आणि तिथंच थबकला. इतकं हलकं? बॉनेट एका हातानं उचललं. मग नखानं एका कोपऱ्यातला रंग खरवडला. आत पांढरी चकाकी दिसली. त्यानं तिथं झटकन अंगठा ठेवला. वर बघितलं तर खिडकीतून दोन डोळे त्याच्यावर रोखलेले. म्हाताऱ्याचा वाडगा वाजत होता. ठण, ठण. एका कामकऱ्याचं दुसऱ्याला कळलं होतं, आणि कळल्याचंही कळलं होतं.

"आजोबा, तब्येतीला जपा हं," भंगारवाला म्हणाला आणि पाठ फिरवली.

गाडी साखळीच्या वजनकाट्याला टांगली. काट्याकडे बघून त्यानं तोंड वाकडं केलं. "बघा साहेब, एवढ्या गाडीचं वजन किती भरायला हवं! पत्रा राहिलाच नाही, सगळा पुट्टीचा मालमसाला. खोक्यांसकट चाळीस हजार देतो. तेही म्हाताऱ्या माणसाकडे बघून."

"घेऊन जा," मुलगा म्हणाला. त्याला घासाघीस करायची नव्हती. त्याला हवं ते मिळालं होतं.

गाडी शेडबाहेर गेली तेव्हा मिस्त्रीचा हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अखेर सुनेनं तो वाडगा काढून घेतला आणि प्लॅस्टिकचा दिला. "डोकं उठतं हो बाबा," ती म्हणाली, आणि खरंच उठत असेल.

वर्ष गेलं. मिस्त्रीच्या पाठीला जखमा पडल्या. एका संध्याकाळी मुलगा कचेरीतून आला तो बूट न काढता थेट खाटेपाशी, हातात वर्तमानपत्र. फोटोत तीच गाडी, झेपेआधीच्या मांजरासारखी, आता लखलखीत लाल. त्यानं मोठ्यानं वाचलं. "'भंगारातून मिळालेली ॲल्युमिनियमची दुर्मीळ गाडी... काल पहिल्यांदा रस्त्यावर धावली... लिलावात एक कोटी दहा लाख... जाणकार म्हणतात, असं पत्र्याचं काम शोधून सापडत नाही. कारागिराचं नाव मात्र कळू शकलं नाही.'"

धावली, एवढाच शब्द मिस्त्रीनं धरला. धावली म्हणजे इंजिन लागलं. कुणाच्या तरी कानांनी ऐकलं.

मुलानं कागद चुरगाळून त्याच्या अंगावर फेकला. "सांगितलं का नाहीत? एवढं बसून ठोकलंत, एकदा तरी सांगायचं होतंत! तीस वर्षं तोंड होतं ना तुम्हाला?"

होतं. त्याचा डावा हात सवयीनं उशाशी गेला, वाडगा चाचपडला. तिथं प्लॅस्टिक लागलं. हात तसाच पडून राहिला.

सून दारात उभी होती. तिनं तो हात बघितला, आणि वर्षापूर्वी म्हातारा चुंबकापुढे वाडगा का धरत होता ते तिला एकदम उमगलं. ती स्वयंपाकघरात गेली. ॲल्युमिनियमचा वाडगा मांडणीवरून उचलला, स्टुलावर चढून माळ्यावर अगदी मागे, जुन्या डब्यांच्या आड सरकवला, आणि स्टूल जागेवर ठेवलं. नवऱ्याला ती काही बोलली नाही. पुढेही कधी नाही.

बाबांनो, माझं एवढंच मागणं. रस्त्यानं एखादी जुनी गाडी झळकत गेली आणि लोक थांबून वाहवा करू लागले, तर तुम्हीही करा. पण घरी येऊन देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या डाव्या हाताची आठवण काढा. मिस्त्रीचं नाव मलाही कुणी सांगितलं नाही. देवाला ते ठाऊक आहे.