चढणीचा टर्बो

"तुझ्या बापाला सांग, टर्बो मेलाय," काका म्हणाले.

माझा बाप तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ आणि गॅरेजचे मालक. दोघांनी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलंय. कारण विचारलं तर दोघंही वेगवेगळं सांगतात, आणि दोन्ही गोष्टींत दुसराच हलकट असतो. आमच्या ट्रकइतकं म्हातारं इंजिन हातात घेणारा आसपास दुसरा कोणी नाही, नाहीतर बाबांनी त्या दारात पाऊलही टाकलं नसतं. मग बोलायचं कोणी? मी! शाळा सुटली की दप्तर पाठीवर घेऊन मी यांचं टपालखातं.

"बाबा, टर्बो मेलाय."

"बहिरा नाहीये मी. त्याला सांग, होता तसाच दुसरा बसव."

काकांच्या फळीवर दोन टर्बो होते, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे. एक लहान, आमच्याच जातीच्या इंजिनातून काढलेला. दुसरा भला दांडगा, लांब पल्ल्याच्या ट्रेलरचा. काकांचा हात आधी लहानाकडेच गेला होता, पण "होता तसाच" ऐकल्याबरोबर तो मागे आला. बाबांनी मागितलेली वस्तू काका देतील? सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ.

"तुझ्या बापाला विचार, गाडी कुठे पळते? हायवेलाच ना?"

गाडी हायवेला पळत नव्हती. यंदा ते काम सुटलं होतं आणि बाबा दगडाच्या खाणीवर लागले होते. मी तोंड उघडलं तर बाबांनी असे डोळे वटारले की मी ते मिटलं.

"त्याला सांग," बाबा म्हणाले, "तुला काय करायचंय? हातातलं काम कर."

"मग मोठाच बसवतो. मोकळ्या रस्त्यावर उडेल गाडी. सांग त्याला."

"काका, पण मोठा पंखा फिरायला जोर लागतो!" मी म्हणाले. "घरी व्होल्टेज गेलं की टेबलफॅन फिरतो आणि छताचा पंखा नुसता कण्हतो, तसं होईल. इंजिनच हळू फिरत असेल तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराला जोर कुठला? धूर पंखा फिरवणार नाही, पंखा हवा कोंबणार नाही..."

"शाळेत शिकवतात वाटतं हे?"

"नाही, मला कळतं."

"आगाऊ कार्टी," दोघंही एकदम म्हणाले. तेवढं एक मात्र एकमताने. आणि मोठाच टर्बो बसला.

सुट्टीच्या दिवशी मी बाबांबरोबर खाणीवर गेले. खाण म्हणजे एक प्रचंड खड्डा, आणि त्यातून वर येणारी एकच चढण, खडी आणि धुळीची. ट्रक दगडांनी भरला. बाबांनी दुसरा गिअर टाकला. थोडं अंतर नीट गेलं. मग इंजिन गुदमरायला लागलं. काळाकुट्ट धूर निघाला, डिझेल पुरेपूर पण ते जाळायला हवाच नाही. वेग मरत मरत गेला आणि अर्ध्या चढणीवर इंजिन बंद पडलं.

बाबांनी ब्रेक दाबून धरला आणि ट्रक इंच इंच मागे उतरवला. खाली मुकादम वाटच बघत होता.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत चढवलात तर ठीक. नाहीतर तुमची जागा त्या निळ्या ट्रकला. उद्यापासून येऊ नका."

निळा ट्रक खरंच उभा होता. त्याचा ड्रायव्हर बोनेटवर बसून आम्हाला बघून दात काढत होता. मी बाबांकडे वळले.

बाबा हसत होते.

"बघितलंस? तोंडावर पडला की नाही तुझा काका?"

माझं डोकं असं फिरलं! काम हातचं चाललंय, आणि या माणसाला आनंद कशाचा, तर भाऊ चुकला याचा! मी त्यांच्या खिशातून फोन ओढला.

"काका, लहान टर्बो आणि पाने घेऊन खाणीवर या. हो, खाणीवर. हायवे केव्हाच सुटला. बाबांनी सांगितलं नाही, कारण तुम्ही हसाल म्हणून."

"फोन ठेव!" बाबा ओरडले.

"नाही ठेवत!"

काका आले ते धुमसतच. चढणीकडे बघितलं, धुराने काळवंडलेल्या ट्रककडे बघितलं आणि मला म्हणाले, "तुझ्या बापाला सांग..."

"मी काही सांगणार नाही. टपालखातं बंद. माझ्यासमोर एक अक्षर वाया घालवू नका, बोलायचं तर त्यांच्याशी बोला. नाहीतर तो निळा ट्रक बघा आणि घरी चला."

दोघं माझ्याकडे असे बघत राहिले, जणू पान्यालाच वाचा फुटली. मुकादमाने घड्याळ बघितलं. शेवटी काकांनी दात आवळून विचारलं, "अरे, चढवतोस कोणत्या गिअरमध्ये?"

"अरे कोणाला म्हणतोस? मोठा आहे मी."

"मोठा आहेस तर अक्कल कुठे ठेवलीस? कोणता गिअर?"

"दुसरा. भरलेली गाडी वर नेताना काय टॉप टाकू?"

"मग त्या दिवशी थोबाड का शिवलं होतं?"

"मी 'होता तसाच बसव' म्हटलं, तेव्हा तुझ्या पोटात दुखलं!"

मग जे सुरू झालं! आजीचं आजारपण, गॅरेजची जागा, कोणाच्या लग्नात कोण उशिरा आलं, सगळं उकरून काढलं. काका खालून शिव्या देत नट सोडवत होते, बाबा वरून शिव्या देत पाने पुरवत होते. लहान टर्बो जागेवर बसला. काकांनी तेलाच्या नळीत स्वतःच्या हाताने तेल भरलं. तोंडं मात्र चालूच.

जेवणाच्या सुट्टीच्या भोंग्याआधी बाबांनी दुसरा गिअर टाकला. मी शेजारी, काका बळेच दाराशी कोंबून बसलेले. चढण सुरू झाली तशी टर्बोची बारीक शीळ वाजली, अगदी खालपासून. धूर निवळला. इंजिन दमलं, पण थांबलं नाही. ट्रक कण्हत कण्हत वर आला आणि सपाटीवर उभा राहिला.

मुकादमाने खालूनच हात केला, पुढचा फेरा भरा.

"क्लच असा मारतात?" काका म्हणाले. "गाडी चालवतोस की नांगर?"

"उतर खाली," बाबा म्हणाले. "माझ्या गाडीतून उतर."

"नाही उतरत. आणखी एक फेरा बघणार आहे मी."

आणि ते उतरले नाहीत.