कोनाड्यातले मूठभर तांदूळ

मित्रांनो, मुरबाडहून घाटाकडे जाताना सडकेच्या डाव्या हाताला काळ्या दगडांची, बसक्या कौलांची एक धर्मशाळा लागते. ती मीच. माझे दगड कोणी घडवले ते आठवत नाही, पण माझा चुना गूळ घालून मळला होता एवढे पक्के ठाऊक आहे.

घाट उतरलेले वाटसरू माझ्याकडे मुक्काम करीत. माझ्या कोनाड्याचा एक रिवाज होता. उपाशी असेल त्याने तिथल्या मूठभर तांदळाची पेज करावी आणि मागून येणाऱ्यासाठी जमेल तेव्हा तेवढेच आणून ठेवावेत. कोनाडा कधी रिकामा राहिला नाही. लोक कौतुक करीत आणि मीही जरा तोऱ्यात असे.

मग एस.टी. आली, बाजार वाढला. १९५९ साली महिपतशेठने माझी जागा घेतली. त्याला इथे भाताची गिरणी घालायची होती. एका सकाळी वाडीवरचे मजूर पहारी घेऊन दारात उभे राहिले. माझी तर पाचावर धारण बसली.

मुकादम धोंडीने पहार उचलली, तोच मजुरीला आलेली ठकू आडवी आली.

“थांब रे! कोनाड्यात तांदूळ हायेत. कोन तरी यायचाय अजून. त्याचा आसरा कसा पाडायचा?”

धोंडीचा हात वरच राहिला. शेठ संतापला. तरातरा आत येऊन त्याने कोनाडा झाडून काढला, तांदूळ अंगणात फेकले.

“झालं? आता पाडा!”

कोणी हलेना.

“शेट, काडलंत ना? मग तुमीच भरा,” ठकू म्हणाली. “त्याबिगर आमी हात नाय लावनार.”

बाजारकरी गोळा झाले होते. मूठभर तांदळाने काम सुरू होत असेल तर होऊ दे, म्हणून शेठने दुकानातून तांदूळ मागवले आणि स्वतः कोनाड्यात ठेवले.

ठकूने पदर सावरला. “बरं झालं, शेट. आता परत कोन तरी यायचाय.”

एकच हशा पिकला. मजूर पहारी घेऊन परत गेले आणि पंचक्रोशीत मला पाडायला शेठला दुसरा मजूर मिळाला नाही. शेवटी गिरणी शेजारच्या मोकळ्या जागेत उभी राहिली.

पण आता मुक्कामाला कोण येतो? माझी कौले फुटलीत. थकलेली ठकू बाजाराच्या दिवशी मूठ ठेवून जायची. शेठ मात्र रोज सकाळी कोनाड्यात डोकावतो. तो कशाची वाट पाहतोय ते मला कळते आणि भीती वाटते.

गेल्या दोन बाजारांना ठकू आली नाही. उंदरांनी चारच दाणे ठेवलेत. मित्रांनो, या वाटेने आलात तर मला फुलेबिले नकोत. मूठभर तांदूळ तेवढे ठेवून जा.