सगळ्यांच्या पानांची वही

दीक्षाचं पत्र जूनमध्ये आलं आणि मी उत्तर दिलं नाही. ती माझी जुनी विद्यार्थिनी; आता खराडीच्या एका शाळेत पाचवीला शिकवते. तिने लिहिलं होतं, "सर, वर्गातली बहुतेक मुलं आयटीवाल्यांची. अर्ध्या कोऱ्या वह्या रद्दीत जातात. तुम्ही आमच्याकडून शिवून घ्यायचात तशा वह्या करीन म्हणते. पण आमच्या मुलांना उरलेली पानं कशाला, असं पालकांनी विचारलं तर काय सांगू?"

हाच प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, तिच्याच वडिलांनी मला विचारला होता. कर्वेनगरच्या शाळेत मी जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून नव्या वह्या शिवून घेतल्या आणि ज्या मुलांना वह्या पुरत नव्हत्या, त्यांना वाटल्या. दुसऱ्या दिवशी दीक्षाचे वडील महिपतराव वर्गाच्या दारात.

"मास्तर, वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात कुणाचं उरलेलं येत नाही. तुम्ही माझ्या मुलीच्या हातात तेच दिलंत."

मी मान खाली घातली. कागद वाचवण्याच्या नादात मी एका मुलीला चारचौघांत कमीपणा आणला होता. असा माणूस तिला काय सल्ला देणार?

"अहो, उत्तरासाठी पंचांग बघताय का?" बायको, हेमा, अधूनमधून विचारायची. मी पुस्तकात डोकं घालायचो.

एप्रिलमध्ये पुन्हा दीक्षाचं पाकीट आलं. आत एक शिवलेली वही. एकेरी, दुरेघी, चौकटींची पानं एकमेकांत मिसळलेली. सोबत चिठ्ठी :

"सर, तुमचं उत्तर आलं नाही म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, 'मी बोललो तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली. पण लगेच त्यांनी वाटलेल्या वह्या परत घेऊन उसवल्या, अख्ख्या वर्गाची पानं एका ढिगात मिसळली आणि प्रत्येकाला एकेक वही शिवायला लावली. डॉक्टरांच्या मुलालासुद्धा. स्वतःचं पाठांचं टाचणही तसल्याच वहीत लिहू लागले. मग ते उरलेलं राहिलं नाही, सगळ्यांचं झालं.' पालकसभेत येऊन बाबा हेच बोलले. यंदा चाळीस मुलांनी चाळीस वह्या शिवल्या, सर. एक वडील तर विचारत होते, मोठ्यांना मिळेल का एखादी!"

म्हणजे महिपतरावांनी ते पाहिलं होतं. मी चिठ्ठी तीनदा वाचली, मग हेमाला वाचून दाखवली.

वही चाळताना मधलं जोडपान सुटून हातात आलं. दोनच भोकं पाडून शिवली होती. पोरीची घाई अजून तशीच. त्याच पानावर मी लिहिलं :

"चि. दीक्षा, तीन भोकं पाड आणि दोऱ्याला मेण लाव. बाबांना माझा जय भीम सांग. जे मी भीतभीत केलं, ते तू उभं राहून केलंस. मला तुझा अभिमान वाटतो."

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. तिचंच पाकीट उकलून, आतली बाजू बाहेर करून चिकटवलं.

"मिळाला वाटतं मुहूर्त," हेमा म्हणाली.

मी चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो आणि पाकीट आत टाकलं.