सरुबाईच्या पावतीवरचा ६५

मुरगूडजवळच्या दूध संस्थेत अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि तिथल्या कारकून नजीराचे पाय जमिनीवर ठरेनात. पावतीचा प्रोग्राम तिनं स्वतः 'सी' भाषेत लिहिला होता. दुधाचे लिटर आणि प्रत, दोनच गोष्टी छापायच्या. चांगल्या दुधाला ए, मध्यमला बी, पाणचटाला सी. त्यात चुकण्यासारखं काय होतं?

पण पहिल्याच सकाळी घोळ झाला! संस्थेत सगळ्यात घट्ट दूध सरुबाईचं. तिच्या पावतीवर प्रतीच्या जागी छापून आलं ६५. बिनदिक्कत पाणी ओतणाऱ्या हंबीररावांच्या पावतीवर ६७. रोज फॅटचे आकडे बघणारी माणसं ती; मधलं टिंब गळलंय म्हणाली आणि मोकळी झाली. म्हणजे सरुबाईला साडेसहा फॅट आणि हंबीररावांना तिच्याहून जास्त! हंबीररावांनी तिथंच मिशीला पीळ देऊन सगळ्यांना चहा सांगितला.

सरुबाईनं किटली आपटली. "माझ्या म्हशीच्या दुधापरास ह्येंचं पानी भारी व्हय? उद्यापासनं मी दुसऱ्या संस्थेत दूध घालतो!"

चार बायका तिच्यामागं उठल्या. चेअरमन अण्णासो नजीरावर उखडले. "सरुबाई गेली तर निम्मं गाव जाईल. ह्यो मशीनचा डबा आजच माघारी धाडतो बघ."

नजीराला रडू फुटायचंच बाकी होतं. तिनं पावत्या ओढून घेतल्या. चांगलं दूध तिथं ६५, मध्यम तिथं ६६. एकदम तिनं कपाळावर हात मारला. मशीनच्या पोटात अक्षर नसतंच, आकडाच असतो. ए म्हणजे ६५! छापताना आकडा दाखव की अक्षर दाखव, हे आपण सांगायचं. आणि आपण सांगितलं आकडा. वा गं शहाणे!

"मावशी, जरा थांबा की! मशीनचं बरोबर हाय, माझंच चुकलंय!"

तिनं %d खोडून %c केलं. पहिलं आकडा छापतं, दुसरं अक्षर. बस्, एवढंच! प्रिंटर करकरला आणि सरुबाईच्या पावतीवर ठळक A उमटला.

"म्हंजी काय ग?"

"पैला नंबर, मावशी! तुमच्यावर कोन न्हाय!"

हंबीररावांच्या हाती C आला. चहाचा कप तोंडाशीच राहिला. नजीराला तर नाचावंसं वाटत होतं.

"ऱ्हाऊ दे मशीन," अण्णासो हसू दाबत म्हणाले.

सरुबाईनं पावती पदरात बांधली आणि पुन्हा हात पुढं केला.

"पोरी, आनि एक छाप. हंबीररावाच्या दारात चिकटवतो."