काळ्या चौकटीचा कागद

आमच्या गावात जिवंत माणसं कमी आणि खांबावरची जास्त. कुणी गेलं की काळ्या चौकटीत त्याचा फोटो छापायचा आणि तो कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, विजेच्या खांबांवर चिकटवायचा, ही इथली रीत. पण तरणीताठी माणसं सगळी इटलीत नाहीतर स्पेनमध्ये. ती खांब कसे बघणार? म्हणून हल्ली हे कागद गावाच्या फोनवरच्या ग्रुपवरही पडतात. तिकडे कामावरून सुटलं की लोक आधी तेच उघडतात, आज कोण गेलं म्हणून.

मी स्तोयना, शाळेत इतिहास शिकवते. संगणकाचा मास्तर कामेन विदिन शहरातून येतो. कोवळा पोरगा, पोरं त्याच्या डोक्यावर बसतात, म्हणून त्याच्या तासाला मी मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसते. त्या दिवशी तो सातवीला इंटरनेटवर जपून कसं राहायचं ते शिकवत होता.

"अनोळखी माणसाला आपला पत्ता सांगायचा नाही."

"सांगितला तरी कोण येणार आहे सर? पोस्टमनसुद्धा येत नाही," कुणीतरी म्हणालं. मलाही हसू आलं.

"हसा. पण एक लक्षात ठेवा. तिथं टाकलेलं परत घेता येत नाही. तुम्ही पुसाल, पण तोवर ते दहाजणांकडे गेलेलं असतं."

झ्लातिना उभी राहिली. माझ्या शेजारची पोर, वुनाआजीची नात. "सर, इटलीतपण लगेच दिसतं?"

"लगेच."

"मग माणसाला यायला एवढा वेळ का लागतो?"

वर्ग खिदळला. कामेन फळा पुसायला वळला. मी विणकाम खाली ठेवलं, कारण ती थट्टा करत नव्हती हे मला ठाऊक होतं.

तिची आई स्वेतला तिकडे इटलीत एका म्हाताऱ्या बाईची शी-शू काढते. पोर तिसरीत असताना गेली. नाताळला येते म्हणाली, ईस्टरला येते म्हणाली, दर वेळी म्हातारीचं काहीतरी निघायचं. आली ती एकदाच, पहिल्याच वर्षी, सासरा वारला तेव्हा. पोरीनं त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं होतं. आई मर्तिकाला येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वुनाआजीच्या दारात दोन बायका फुलं घेऊन उभ्या दिसल्या. फुलं जोडीनं, सम आकड्यात होती, इथं मेलेल्यांना देतात तशी. आणि दार कुणी उघडलं? झ्लातिनानं, दातांत पावाचा तुकडा धरून. एकीनं तिथंच बसकण मारली.

मी तिला कानाला धरून आमच्या स्वयंपाकघरात आणलं. ग्रुपवर तिच्या फोटोचा कागद पडला होता. काळी चौकट, क्रॉस, खाली 'आमची लाडकी झ्लातिना', सगळं अगदी रीतसर. आजोबांच्या कागदावरून उतरवलं होतं कार्टीनं.

"मी लगेच पुसलं, बाई," ती म्हणाली. "भीती वाटली म्हणून पुसलं. पण तोवर कुणीतरी पुढे पाठवलं होतं. मग आईचा फोन वाजायला लागला. तो उचलायचं धाडस होईना, म्हणून बंदच केला. घरात दुसरा फोन नाही."

"अगं, सरांनी कालच सांगितलं होतं ना?"

"म्हणूनच तर सुचलं."

तिला मारावं की पोटाशी धरावं? मी स्वेतलाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिकडे तिच्यासोबत राहणाऱ्या बाईकडून कळलं की स्वेतला रात्रीच गाडीत बसली, आणि तिचा फोन सीमेपलीकडे चालत नाही. म्हणजे सगळी वाट ती मेलेली मुलगी घेऊन येणार होती, आणि आमच्या हातात काहीच नव्हतं. कामेनला कळलं तेव्हा तो शिक्षकांच्या खोलीत डोकं धरून बसला. त्याची काय चूक? पण मीही त्याला तसं म्हणाले नाही, तेव्हा माझाच जीव ठिकाणावर नव्हता.

शनिवारी संध्याकाळी इटलीची गाडी चौकात थांबली. स्वेतला काळा रुमाल बांधून उतरली. मी पोरीला पुढे ढकललं. स्वेतला आधी माझ्याकडेच बघत राहिली, माझ्यापुढची ही उंच मुलगी कोण असं विचारल्यासारखी. मग तिनं पोरीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, आंधळ्यासारखा.

"कुणी केलं हे?"

"मी, आई. तू येशील म्हणून."

स्वेतला ओरडली नाही, मारलंही नाही. डोक्यावरचा रुमाल सोडला आणि त्यात तोंड खुपसून भर चौकात रडली.

घरी तिची पिशवी वुनाआजीनं उघडली आणि झटकन छातीवर क्रॉसची खूण केली. आत पांढरा झगा होता, नवरीचा. लग्नाआधी मुलगी गेली तर आम्ही तिला नवरी करून पुरतो. वाटेत गाडी थांबली तेव्हा स्वेतलानं तो घेतला होता.

"जाळ तो," म्हातारी म्हणाली.

पण झ्लातिनानं तो उचलला. कुणी आवरायच्या आत डोक्यातून घातलासुद्धा. तो खांद्यावरच अडकला. हात वर राहिले, तोंड आत, खाली नुसतं पोट उघडं. तो नऊ वर्षांच्या पोरीच्या मापाचा होता.

स्वेतलानं तो हळूच वर ओढून काढला आणि मांडीवर घेऊन बसली. "रोज तर बघते गं तुला," ती म्हणाली. "रोज फोनवर बघते."

"फोनवर तोंडच दिसतं, आई."

माझ्यानं तिथं थांबवेना. मी घरी आले.

इटलीतल्या म्हातारीच्या मुलानं निरोप धाडला होता, मंगळवारपर्यंत ये, नाहीतर दुसरी बाई बघतो. वुनाआजीची औषधं त्याच पैशांवर चालतात. रविवारच्या परतीच्या गाडीनं स्वेतला गेली. चौकात झ्लातिना रडली नाही.

मंगळवारी मी त्यांच्याकडे दूध द्यायला गेले, तेव्हा आईचा फोन चालू होता. पोरीनं तो फळीवर बरणीला टेकवून उभा केला होता आणि ती एकेक पाऊल मागे सरत होती.

"आता दिसते का पूर्ण?"

"गुडघ्यापर्यंत," फोनमधून आवाज आला.

ती आणखी सरकली. पाठ भिंतीला लागली. खोली तेवढीच होती.